दोन अक्षरांची किल्ली

‘ब्राह्मी लिपीचा उलगडा कोणी केला?’ हा सामान्यज्ञान स्पर्धेतील ठरलेला प्रश्न. ‘जेम्स प्रिन्सेप, १८३७’ हे उत्तर विद्यार्थी क्षणार्धात देतात; तो उलगडा झाला कसा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणविले. पंडितांना बोलावूनही त्यांवरील लेख कोणास वाचता आले नाहीत. पुढे कोलकात्याच्या टांकसाळीतील अधिकारी प्रिन्सेप यांच्यापुढे सांची स्तूपावरील छोट्या लेखांचे ठसे आले. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. हे दानलेख असावेत, असा तर्क करून त्यांनी ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली. ‘द’ आणि ‘न’ गवसले, उर्वरित अक्षरे उलगडत गेली आणि अखेर अशोकाचे स्तंभही बोलू लागले.

सांचीचे ते दाते होते भिक्षू, भिक्षुणी, उपासिका, व्यापारी आणि विदिशेचे हस्तिदंत कारागीर. सम्राटाची वाणी जगाला पुन्हा ऐकू आली, ती या सामान्यजनांच्या दानलेखांमुळे. पाठ केलेले उत्तर गुण मिळवून देते, ‘कसे?’ हा प्रश्न अशा विस्मृत माणसांपर्यंत नेतो.