घोरपडे, मूळचे जोशी

पेशव्यांची वंशावळ वाचताना एका ओळीपाशी माणूस हमखास अडखळतो. बाळाजी विश्वनाथ भटांचे दोन मुलगे, बाजीराव आणि चिमाजीअप्पा, शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. त्यांना मुलीही होत्या. भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोश्यांकडे दिली. आणि अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांकडे.

घोरपड्यांकडे? मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईची चूक समजून पुढे गेलो होतो. कोकणस्थ ब्राह्मण पेशवा, अठरावं शतक नुकतं उजाडलेलं, आणि लेक दिली सेनापती संताजी घोरपड्यांच्या आडनावाच्या घरात! त्या काळात जातीबाहेर असं लग्न होणं शक्यच नव्हतं. झालंही नव्हतं. पेशव्यांचे हे दोन्ही जावई जोशीच होते. एक जोशी म्हणूनच राहिला. दुसऱ्याच्या वडिलांनी आडनाव बदललं होतं, एवढंच.

हे ‘एवढंच’ फार मोठं आहे. कारण घोरपडे हे काही सहज उचलून लावावं असं आडनाव नाही. त्याच्या पोटात एक किल्ला आहे, एक सरपटणारा प्राणी आहे, आणि दख्खनच्या नकाशावर पसरलेली एक लांबच लांब रेघ आहे.

किल्ल्यापासून सुरुवात करू. कोल्हापूर जिल्ह्यातला विशाळगड पूर्वी खेळणा म्हणून ओळखला जाई. बहमनी सुलतानाचा वजीर महमूद गावान कोकणच्या मोहिमेवर आला तेव्हा हा गड त्याला दाद देईना. मग, मुधोळच्या घराण्याची परंपरा सांगते, भोसले कुळातल्या कर्णसिंह आणि त्याचा मुलगा भीमसिंह या बापलेकांनी घोरपडीला दोर बांधून ती कड्यावर सोडली आणि तिच्यामागून तट गाठला. गड पडला. कर्णसिंह त्यात मारला गेला. १४७१ सालच्या फर्मानाने सुलतानाने भीमसिंहाला ‘राजा घोरपडे बहादुर’ हा किताब आणि मुधोळची ८४ गावं दिली. या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत वाद झालेले आहेत, तेव्हा तारखेवर फार भार टाकू नये. पण गोष्टीतली एक गंमत नजरेतून निसटू देऊ नये: घोरपडे होण्याआधी हे लोक भोसले होते. म्हणजे हे आडनाव जन्मलं तेच दुसऱ्या आडनावाच्या जागी बसून.

घोरपड खरंच माणसाचं वजन पेलते का? प्राण्याची नखं जबरदस्त असतात यात शंका नाही. शेपटीसकट दीड मीटरच्या वर वाढणारी ही मादी किंवा नर (मराठीत दोघंही घोरपडच) खडकाच्या कपारीत शिरली की अंग फुगवून घेते आणि ओढून बाहेर निघत नाही. ‘घोरपडीसारखा चिकटला’ हे आपण उगाच म्हणत नाही. पण तिचं स्वतःचं वजन काही किलोंचं. कड्यावर ती नेमकी आपल्याला हवी तिथे, हवी तेव्हा, दोर घेऊन जाऊन बसेल याची हमी कोण देणार? शिवाय हीच गोष्ट दोनशे वर्षांनी, १६७० साली, सिंहगडावर तानाजीच्या यशवंती घोरपडीच्या रूपाने पुन्हा भेटते. एकच गोष्ट दोन गडांवर ऐकू आली की मला तरी प्राण्यापेक्षा माणसांचा संशय येतो. कपारीला चिकटून चढणाऱ्या गड्यांनाच लोक घोरपडी म्हणत असतील.

मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, घटप्रभेच्या काठी. तिथून हे आडनाव चालायला लागलं. मुधोळचे घोरपडे आदिलशाहीत राहिले. त्यांच्यातल्या बाजी घोरपड्याने १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना पकडण्यात पुढाकार घेतला आणि १६६४ साली शिवाजी महाराजांनी मुधोळवर जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. दुसरी शाखा कापशीची. कागल तालुक्यातलं हे गाव आजही ‘सेनापती कापशी’ म्हणून ओळखलं जातं आणि चपलांच्या शौकिनांना ते वेगळ्याच कारणाने माहीत असतं. या शाखेतल्या म्हाळोजी घोरपड्यांनी १६८९ साली संगमेश्वरात संभाजीराजांना वाचवताना प्राण दिला. म्हणजे एकाच आडनावाची दोन माणसं भोसल्यांच्या दोन पिढ्यांच्या आयुष्यात अगदी उलट्या बाजूंनी उभी आहेत.

म्हाळोजींच्या तीन मुलांपासून नकाशा आणखी ताणला गेला. राजाराम महाराजांनी संताजीला ममलकतमदार, बहिर्जीला हिंदुराव आणि मालोजीला अमीर-उल-उमराव असे किताब दिले. संताजीची गादी कापशीला. मालोजीच्या वंशाचं नाव शिरोळ तालुक्यातल्या दत्तवाडशी जोडलेलं. बहिर्जीचा वंश मात्र दक्षिणेकडे सरकत गेला: गदग जिल्ह्यातलं गजेंद्रगड, बळ्ळारीजवळचं संडूर, आणि थेट आंध्रातली गुत्ती. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांनी अठराव्या शतकात त्रिचनापल्ली काही काळ हातात ठेवली, १७५१ साली अर्काटच्या वेढ्यात क्लाइव्हच्या मदतीला फौज नेली, आणि शेवटी १७७६ साली हैदरअलीने गुत्ती घेतल्यावर ते त्याच्या कैदेतच मेले. संडूरचं संस्थान १९४९ पर्यंत टिकलं. तिथल्या शेवटच्या राजांचे चिरंजीव मुरारीराव यशवंतराव घोरपडे पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि वन्यप्राण्यांचे नामांकित छायाचित्रकार म्हणूनही ओळखले गेले. घोरपडीच्या नावाचा माणूस जंगलात कॅमेरा घेऊन फिरतोय, याहून नीट जुळणारी गोष्ट कुणी रचली असती तर आपण तिला ठरवून केलेली म्हटलं असतं.

पंचगंगा, घटप्रभा, तुंगभद्रा, आणि तिच्याही पलीकडे. हे मराठी आडनाव, पण त्याच्या बऱ्याच गाद्या आज कानडी मुलखात आणि एक तेलुगू मुलखात. पुण्यातल्या घोरपडे पेठेत राहणाऱ्याला हे सांगितलं की तो चमकतो.

आता इचलकरंजीचा ठिपका. या रेघेवरचा तो एकच ठिपका असा आहे की जिथे रेघ पोचते, पण रक्त पोचत नाही.

वेंगुर्ल्याजवळच्या म्हापण गावातलं एक जोशी कुटुंब. कर्ता पुरुष गेला, आणि त्याच्या विधवेने लहानग्या नारोला घेऊन घाट चढला. ती कापशीच्या मुलखात आली. पोर संताजी घोरपड्यांच्या पदरी राहिलं, वाढलं, कामाला लागलं. संताजी १६९१ साली सेनापती झाले. औरंगजेबाच्या छावण्यांची झोप उडवणारा त्यांचा गनिमी कावा हा वेगळ्या लेखाचा विषय. नारो महादेव जोशी त्या धामधुमीतच तयार झाला. मग १६९७ साली संताजी मारले गेले, तेही स्वकीयांशी वितुष्ट आल्यावर. अशा वेळी पदरची माणसं पांगतात. नारो महादेव पांगला नाही. धन्याच्या कुटुंबाच्या पाठीशी तो उभा राहिला. आणि मग जोशी हे आडनाव मागे ठेवून तो स्वतःला घोरपडे म्हणवू लागला. इचलकरंजी त्याच्याकडे आली, पुढे आजराही याच जहागिरीत होता.

खाल्ल्या मिठाला जागणं हा शब्दप्रयोग आपण फार वेळा वापरतो. पण त्या मिठाचं आडनाव करून ते पिढ्यान् पिढ्या सहीत लिहिणं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी या संस्थानाचा इतिहास लिहिला, त्यातला नायक मला नेहमी नारो महादेवच वाटतो, पुढचे सरदार नव्हेत. अर्थात फार भाबडंही होऊ नये. १७०० च्या सुमाराला पंचगंगेच्या खोऱ्यात जोशी या आडनावाला पंचांगापुरती पत होती आणि घोरपडे या आडनावाने घोडदळ उभं राहत होतं. कृतज्ञता खरी असेल. तिचा उपयोगही झाला असेल. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात.

इंग्लंडात आडनावांच्या मागे लागलेल्या अभ्यासकांची एक मोठी परंपरा आहे. १८९० साली हेन्री गप्पी नावाच्या गृहस्थाने कोणतं आडनाव कोणत्या परगण्याचं हे शोधायला फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली. कारण त्याचं म्हणणं, शेतकरी जागचा हलत नाही. (आपल्याकडे ही युक्ती फसली असती. आपला शेतकरी वेळ आली की घोड्यावर बसून गुत्तीला जातो.) त्याआधी, १८७४ साली, फ्रान्सिस गाल्टन आणि वॉटसन यांनी गणिताने दाखवलं की आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल तर बहुतेक आडनावं कधी ना कधी विझतात. मराठी संस्थानांनी या गणिताला दत्तकविधानाने परस्पर बगल दिली. गादीवर दुसऱ्या घरचा मुलगा येऊन बसला की आडनाव पुढे चाललं. इचलकरंजीतही ते घडलं.

सगळ्यात रंजक प्रयोग अलीकडचा. बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जाणारं वाय गुणसूत्र आणि बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव यांची जोडी जुळते का? लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावांवर हे तपासलं. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत काहीच मेळ नव्हता. लोहार गावोगावी होते, तेव्हा ते साहजिकच. पण ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात बहुतेकांचं वाय गुणसूत्र एकाच घराण्याचं निघालं. आडनाव जितकं दुर्मिळ तितकी एकाच पूर्वजाची शक्यता जास्त, असा त्याचा अर्थ.

हीच चाचणी घोरपड्यांवर लावली तर? मुधोळ, कापशी, संडूर इथले नमुने कदाचित एकमेकांना ओळख देतील. इचलकरंजीच्या मूळ पुरुषाचा नमुना मिळाला तर त्याचा पत्ता वेंगुर्ल्याजवळचा निघेल. प्रयोगशाळेतला माणूस वहीत ‘जुळत नाही’ अशी नोंद करेल आणि पुढच्या नळीकडे वळेल. या गोष्टीतला सगळा रस त्या न जुळण्यात आहे, हे त्याला कोण सांगणार! इंग्लंडात दुसऱ्याचं आडनाव घेण्याची उदाहरणं नाहीत असं नाही. लेखिका जेन ऑस्टिनचा भाऊ एडवर्ड नाईट घराण्याने दत्तक घेतला होता, आणि इस्टेट हाती आल्यावर १८१२ साली तो नाईट झाला. मात्र तिथे आडनाव हे इस्टेटीच्या कागदाबरोबर आलं. नारो महादेवाला कुणी दत्तक घेतलेलं नव्हतं. घेणं शक्यही नव्हतं. भोजनाची पंगतसुद्धा वेगळी असलेल्या धन्याचं नाव त्याने घेतलं.

व्यंकटराव हा त्याचा मुलगा. त्याने हे आडनाव नुसतं मिरवलं नाही. १७३९ साली चिमाजीअप्पा वसईला भिडलेला असताना व्यंकटराव गोव्यात साष्टीत उतरला आणि मडगाव घेतलं. मेहुणा उत्तरेला, जावई दक्षिणेला, पोर्तुगीज मधे. नवऱ्याच्या मागे अनुबाईंनी जहागिरीचा कारभार कित्येक वर्षं आपल्या हातात ठेवला. छत्रपती कोल्हापूरचे आणि भाऊबंदांचं राज्य पुण्यात, अशा दोन दगडांवर पाय ठेवून. भटांची लेक, मूळ जोश्यांची सून, कागदोपत्री घोरपडे. तिच्या माहेरीही तोवर भट हे आडनाव मागे पडून सगळे पेशवे झालेच होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच घराण्यातल्या नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या काळात, १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. पुढची खटखट साऱ्या महाराष्ट्राने ऐकली आहे. राजवाड्यात आता वस्त्रविद्येचं आणि अभियांत्रिकीचं कॉलेज भरतं. घोरपड्यांच्या चौकात पोरं मोटारसायकली लावतात.

आणि गावाने स्वतःही एक आडनाव तयार केलं. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकून तिथली गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा या दरबारचे गवई झाले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर म्हणून ओळखले गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. मूळ आडनाव गाडगीळ, पलूस गावावरून पलुसकर. गुरू-शिष्य दोघांनाही गावांनीच नाव दिलं. हे ‘कर’ माणूस गाव सोडून बाहेर पडला की चिकटतं. इचलकरंजीच्या पेठेत उभं राहून कुणी कुणाला इचलकरंजीकर म्हणत नाही. पेशवाईत पुण्याला गेल्यावर इथल्या घोरपड्यांनाही हेच शेपूट लागायचं. जोशी, घोरपडे, इचलकरंजीकर.

त्या शेवटच्या नावाचा पहिला तुकडा तर मराठीही नसावा. कानडीत ‘ईचलु’ म्हणजे शिंदीचं झाड.