कमाटीबागेतला बर्लिनकर

बडोद्याला पाहुणा आला की त्याला कमाटीबाग दाखवायची, हा शिरस्ता जुना आहे. पोरे प्राणिसंग्रहालयाकडे धावतात, थोरांना सावली हवी असते, आणि दोघांचे भागले की मंडळी म्युझियमकडे वळतात. ममी पाहतात, देवमाशाचा सांगाडा पाहतात, युरोपीय तैलचित्रांपुढून जरा भराभर चालतात. हे सारे कुणी जमवले, असे विचारले तर उत्तर तयार असते: सयाजीराव महाराजांनी. मांडले कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही. पंगतीत जेवणाऱ्याचे लक्ष पानावर असते, वाढप्याचा चेहरा त्याला आठवत नाही.

1934 ते 1939 या काळात इथले वाढपी होते एर्न्स्ट कोन-वीनर, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. मराठी माणसाला ज्यू म्हटले की अलिबाग-पेणकडचे, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल आठवतात. हे गृहस्थ वेगळ्या मुलखातले. जन्म 1882 चा, पूर्व प्रशियातल्या तिल्झिटचा. हायडेलबर्गला 1907 साली डॉक्टरेट केली आणि पुढे बर्लिनमध्ये कलेचा इतिहास शिकवला. शिकवला तोही बहुतेक लोकशिक्षणाच्या संस्थांमध्ये, पोटाचा उद्योग सांभाळून ऐकायला येणाऱ्यांना. 1910 साली शैली कशा घडत आणि बदलत गेल्या यावर त्यांनी दोन भागांचे पुस्तक लिहिले, तेही सामान्य वाचकासाठी निघणाऱ्या स्वस्त पुस्तकमालेत. विद्वानाने सोपे लिहिले की इतर विद्वान नाक मुरडतात, हे बर्लिनलाही पुण्याइतकेच खरे असावे.

पण सोपे लिहिणारा हा माणूस पायपीट करणाराही होता. 1924-25 मध्ये पत्नी लेनोर यांच्यासह ते मध्य आशियात गेले. समरकंद, बुखारा, उझगेन... तिथल्या मशिदी, मदरसे, मकबरे पाहिले, त्यांची छायाचित्रे घेतली. त्यातून 1930 साली ‘तुरान’ हा मध्य आशियातल्या इस्लामी वास्तुकलेवरचा ग्रंथ निघाला. नुसत्या विटा वेगवेगळ्या तऱ्हेने रचून भिंतीला वेलबुट्टी कशी आणतात, हे तिथे गेल्याशिवाय नीट कळत नाही. शिवाय त्या इमारती पुढे कितीतरी डागडुजीतून गेल्या, त्यामुळे तेव्हाच्या छायाचित्रांचे मोल वाढतच गेले.

त्याआधी 1929 मध्ये त्यांची आणखी दोन पुस्तके आली होती. एक आशियाच्या कलेवर, दुसरे ज्यू कलेवर. हा दुसरा विषय मोठा अडचणीचा. जे लोक शतकानुशतके दुसऱ्यांच्या मुलखात राहिले, ज्यांची प्रार्थनामंदिरे त्या त्या गावच्या रीतीने उभी राहिली, त्यांच्या कलेतले आपले कोणते आणि शेजाऱ्याचे कोणते? पुस्तकाला चार वर्षे झाली आणि जर्मनीने हाच प्रश्न माणसांना लावला. जानेवारी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा झाला. पन्नाशी गाठलेले कोन-वीनर आधी इंग्लंडला गेले आणि तिथून पुढल्या वर्षी बडोद्याला.

बडोदेच का? सयाजीरावांना माणूस कुठला यापेक्षा त्याला काय येते याची उत्सुकता अधिक होती. 1887 साली स्थापलेल्या या म्युझियमची इमारत चिझम या इंग्रज वास्तुकाराची, संस्थानातली वाचनालये उभारणारे बॉर्डन अमेरिकन, बागांचे काम पाहिलेले क्रुम्बीगेल जर्मन. शेजारच्या चित्रशाळेसाठी युरोपीय चित्रे निवडली लंडनच्या स्पीलमन या कलासमीक्षकांनी. ती इमारत 1914 लाच पुरी झाली होती, पण महायुद्धात चित्रे युरोपातच अडकली आणि दरवाजे उघडायला 1921 उजाडले. कोन-वीनर आले तेव्हा संग्रह भरपूर होता. हवा होता तो त्यातून वाट दाखवणारा. ग्रीक शिल्पांच्या प्रतिकृती, जपानी वस्तू, मोगल चित्रे अशा पसाऱ्यात आशिया आणि युरोप दोन्ही जाणणारा माणूस दुर्मीळच. त्यातून हा मुळात लोकशिक्षक. बागेत हवा खायला आलेल्या, क्वचित अक्षरओळख नसलेल्या माणसापुढे वस्तू ठेवायची म्हणजे कोन-वीनरांच्या जुन्या वर्गाचेच काम, फक्त बोलता न येणारे.

1936 च्या ऑगस्टमध्ये सयाजीराव बर्लिनला होते. ऑलिंपिकमध्ये भारताने जर्मनीला हॉकीत 8-1 असे हरवले तो अंतिम सामना त्यांनी पाहिला. महाराज बर्लिनला पाहुणे आणि बर्लिनकर त्यांच्या बडोद्यात चाकरीला! योगायोगच, पण विसरता येत नाही असा.

या उदारपणाचे कौतुक करताना माझी लेखणी मात्र जरा अडखळते. कारण हीच कमाटीबाग. 1917 साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावले, शहरात कुणी थारा दिला नाही, आणि रात्रीच्या मुंबई गाडीची वाट पाहत त्यांनी पाच तास याच बागेत काढले. बर्लिनच्या निर्वासिताला ज्या बागेत खुर्ची मिळाली, त्याच बागेत संस्थानच्या आपल्या विद्वानाला झाडाखाली बसून रडावे लागले. महाराजांचा हुकूम दफ्तरात चालत होता. गावाची दारे गावाच्या हातात होती.

फेब्रुवारी 1939 मध्ये सयाजीराव वारले. त्याच वर्षी कोन-वीनर अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये इराणी कलेच्या संस्थेत शिकवू लागले, आणि एप्रिल 1941 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. सहा वर्षांत तीन देश, आणि दरवेळी आपण कोण हे पहिल्यापासून सांगायचे.

बडोद्याच्या म्युझियमची खुर्ची पुन्हा जर्मनाकडेच गेली. हेर्मान गोएत्झ हेही नाझी राजवटीला पाठ फिरवून आलेले. महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध केले. सुटून ते म्युझियममध्ये परतले, त्याची पत्रिका सुरू केली आणि 1950 नंतरही काही वर्षे राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1944 साली, वाट चुकलेला एक देवमासा महीच्या पात्रात शिरून मेला. त्याचाच तो सांगाडा. म्युझियममध्ये शिरली की पोरे अजून आधी त्याच्याकडेच धावतात.