कार्ड नवे, खेळ मात्र अडखळताच : दुसरा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले की खेळ आपोआप वेगवान होईल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेकांच्या पदरी निराशा येते. हजारो रुपये खर्चून आणलेले कार्ड बसवूनही पडद्यावरील हालचाल पूर्वीसारखीच अडखळते. क्वचित पूर्वीपेक्षाही अधिक. मग दोन निष्कर्ष घाईने काढले जातात : एक, कार्डच सदोष आहे, दोन, आता अख्खा संगणकच बदलावा लागेल. हे दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. परंतु ते शेवटी काढायचे असतात. कारण बहुतांश दोष एकही रुपया न खर्चता शोधता येतात. कार्ड परत करण्याची मुदत थोडक्या दिवसांची असल्याने ही तपासणी लगेच केलेली बरी.

वेग ठरतो कसा?

खेळातील प्रत्येक चित्र दोघांच्या सहकार्यातून तयार होते. कोणते पात्र कोठे आहे, गोळी कोणास लागली, पुढे काय दाखवायचे, हे प्रोसेसर ठरवतो. ते प्रत्यक्ष रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असतील तर जेमतेम ७. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्याच गतीने खेळ चालतो. प्रोसेसरला एका चित्राची तयारी करण्यास २० मिलिसेकंद लागत असतील, तर कार्ड कितीही बलवान असले तरी सेकंदाला ५० हून अधिक चित्रे दिसणार नाहीत.

आधी केबल, मग खाच

सर्वांत सामान्य चूक सर्वांत साधी असते. मॉनिटरची केबल नव्या कार्डाला जोडण्याऐवजी मदरबोर्डवरील जुन्या जागीच राहते. प्रोसेसरमध्ये स्वतःची ग्राफिक्स सुविधा असल्यास चित्र दिसत राहते आणि दोष लक्षात येत नाही. म्हणून केबल कार्डालाच जोडलेली आहे याची खात्री प्रथम करावी.

दुसरी बाब म्हणजे कार्ड बसवण्याची खाच. अनेक मदरबोर्डांवर दोन लांब खाचा असतात. दिसायला त्या सारख्याच. परंतु प्रोसेसरला सर्वांत जवळची वरची खाच सहसा १६ मार्गिकांची असते, तर खालच्या खाचेत अनेकदा चारच मार्गिका असतात. जीपीयू-झेड या मोफत साधनात कार्डाला किती मार्गिका मिळत आहेत ते दिसते. मात्र संगणक स्वस्थ असताना वीज वाचवण्यासाठी जोडणीचा वेग खाली येतो. त्यामुळे हा आकडा कार्डावर भार असतानाच पाहावा.

काही स्वस्त कार्डांना मुळातच कमी मार्गिका असतात. एएमडीच्या २०२२ मधील रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला चारच मार्गिका आहेत. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते निभावते. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर तोच मार्ग निम्म्या वेगाचा होतो आणि ४ जीबी स्मृती भरताच खेळ अडखळू लागतो. इंटेलच्या आर्क मालिकेची अट वेगळी आहे. बायोसमधील ‘रिसायझेबल बार’ ही सुविधा चालू नसेल तर या कार्डांची कामगिरी लक्षणीय घसरते. जुन्या मदरबोर्डांवर ही सुविधा बहुधा नसतेच.

ड्रायव्हर आणि वेगमर्यादा

जुने कार्ड एका कंपनीचे आणि नवे दुसऱ्या कंपनीचे असल्यास आधीच्या ड्रायव्हरचे अवशेष अडथळा आणू शकतात. विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने जुना ड्रायव्हर समूळ काढावा आणि नंतर कार्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. यानंतर पहिल्या खेपेस खेळ थोडा अडखळला तर घाबरण्याचे कारण नाही. शेडर नव्याने तयार होत असतात. तोच भाग पुन्हा खेळल्यावर फरक जाणवतो.

वेग ६० वरच अडकला असेल तर तो दोष नसून मर्यादा असू शकते. ‘व्ही-सिंक’ चालू आहे का, खेळातच कमाल चित्रसंख्या ठरवलेली आहे का आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये अजून ६० हर्ट्झवरच आहे का, हे पाहावे. याउलट, नवे कार्ड ओळखून काही खेळ चित्राचा दर्जा स्वतःहून वाढवतात. दर्जा बदललेला असताना जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ आहे.

दोषी कोण? एक चाचणी

यानंतर निर्णायक चाचणी. खेळातील एकाच ठिकाणी उभे राहून चित्रसंख्या नोंदवावी. मग रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावे. रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात, म्हणजे कार्डाचे काम घटते. प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. चित्रसंख्या भरभर वाढली तर मर्यादा कार्डाची आहे. ती जागची हलली नाही तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडत आहे. त्याच वेळी कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबत आहे. तो ५०-६० टक्के असेल आणि वेगमर्यादा लावलेली नसेल, तर ते प्रोसेसरची वाट पाहत आहे.

उदाहरणार्थ, २०१४ चा चार कोअरचा कोअर आय-५ ४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असलेला संगणक घेऊ. त्यात आरटीएक्स ३०६० बसवल्यास ‘व्हॅलोरंट’सारख्या प्रोसेसरवर विसंबणाऱ्या खेळात फार लाभ होणार नाही. अशा स्थितीत चित्राचा दर्जा कमी करून वेग फारसा वाढत नाही. उलट दर्जा वाढवला तरी वेग तितकाच राहतो. म्हणजे नव्या कार्डाचा लाभ वेगात नव्हे, तर देखण्या चित्रात पदरात पडतो.

रॅम, वीज आणि उष्णता

रॅमची एकच पट्टी असेल तर प्रोसेसरला माहिती एकाच वाहिनीतून मिळते. त्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्यास वाट दुहेरी होते. तसेच ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ चालू न केल्यास अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालते. ही सुधारणा फुकट आहे.

वीज अपुरी पडल्यास खेळ मंदावण्यापेक्षा संगणक अचानक बंद पडण्याचा संभव अधिक. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटमध्ये भागते, म्हणजे खाचेतून मिळणारी वीज तिला पुरते. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात. गोव्यात पावसाळ्यातील खंडित विजेमुळे संगणकामागे यूपीएस असतोच. परंतु ६०० व्हीए क्षमतेचा घरगुती यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो. नव्या कार्डासह मॉनिटरचा भार धरला तर ही मर्यादा जवळ येते आणि वीज जाताच यूपीएस साथ सोडतो.

पहिली दहा मिनिटे वेग उत्तम आणि नंतर घसरण, हे उष्णतेचे लक्षण होय. झाकण उघडून खेळल्यावर फरक पडला तर हवा खेळती नाही असे समजावे. पंख्यांवरील धूळ काढावी आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी.

शेवटी कार्डाकडे

जुन्या बाजारातून घेतलेल्या कार्डाबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. जुन्या चिपवर नव्या मॉडेलचे नाव चढवून कार्डे विकली जातात. विंडोज त्या नावावर विश्वास ठेवते. जीपीयू-झेड मात्र अशा अनेक एनव्हिडिया कार्डांपुढे ‘बनावट’ अशी सूचना दाखवते. शक्य असल्यास कार्ड मित्राच्या संगणकात बसवून पाहावे. तेथे ते नीट चालले तर दोष आपल्या संगणकात आहे. तेथेही अडखळले तर पावती घेऊन विक्रेत्याकडे जावे.

प्रोसेसरच मागे पडत असल्याचे सिद्ध झाले, तरी लगेच नवा मदरबोर्ड घेणे हा एकमेव मार्ग नाही. त्याच मदरबोर्डवर बसणारा अधिक क्षमतेचा जुना प्रोसेसर अनेकदा कमी पैशांत काम भागवतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावरील सुसंगत प्रोसेसरांची यादी पाहूनच तो निवडावा.