चिपचे नाव नको, वॅट विचारा

लग्नाचे चित्रण, लघुपट, यूट्यूबची वाहिनी, शाळा-संस्थांचे माहितीपट ही कामे आता फक्त मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत होत नाहीत. तालुक्याच्या गावात एका खोलीत बसून एडिटिंग करणारे आणि त्यावर घर चालवणारे पुष्कळ जण आहेत. कॅमेरा खिशात मावेल इतका लहान झाला, पण चित्रणाची जुळवाजुळव करणारा डेस्कटॉप मात्र टेबलावरून हलत नाही. चित्रण एका गावी, ग्राहक दुसऱ्या गावी आणि यंत्र तिसरीकडे अशी धावपळ रोजची झाली, की मनात एकच विचार येतो: डेस्कटॉप काढून टाकावा आणि सगळे काम एका दमदार लॅपटॉपवर करावे. हे आज शक्य आहे. पण त्यासाठी लॅपटॉप घेण्याची आपली नेहमीची रीत बदलावी लागते. दुकानात आपण प्रोसेसरचे आणि ग्राफिक्सचे नाव विचारतो, मोठा आकडा दिसला की समाधानी होतो आणि पैसे मोजतो. एडिटिंगच्या लॅपटॉपबाबत नेमकी हीच रीत फसवते. ती चिप या यंत्रात किती वॅटवर आणि किती वेळ चालू शकते, आणि आपल्या कॅमेऱ्याचे चित्रण तिला सहज उलगडता येते का, या दोन प्रश्नांची उत्तरे नावावरून मिळत नाहीत. लॅपटॉप चांगला की वाईट हे मात्र त्यांच्यावरच ठरते.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्सचे उदाहरण घ्या. डेस्कटॉपच्या कार्डात २१,७६० कूडा कोअर आणि ३२ जीबी मेमरी असते आणि ते ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. त्याच नावाच्या लॅपटॉपमधल्या चिपमध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी मेमरी असते. तिची मर्यादा साधारण १५० वॅट, फार तर १७५. नाव तेच, कोअर निम्म्याहून कमी, वीज तिसऱ्या हिश्श्याच्या आत. त्याआधीच्या पिढीतही हेच होते. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोअर, लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८, म्हणजे डेस्कटॉपच्या ४०८० इतके. प्रोसेसरची गोष्ट वेगळी नाही. इंटेलचा डेस्कटॉपचा आय९-१३९००के कमाल २५३ वॅट घेतो, तर लॅपटॉपचा आय९-१३९८०एचएक्स कमाल १५७ वॅट. दोघांतही २४ कोअर आहेत. ही झाली डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांची तुलना. पण लॅपटॉप-लॅपटॉपमधली तफावत खरेदीदाराला याहून जास्त नडते. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवण्याची मुभा एनव्हिडियाने उत्पादकांना दिली आहे. शेजारीशेजारी मांडलेल्या दोन यंत्रांवर एकच स्टिकर असेल, किमतीतही फारसा फरक नसेल, तरी एकातली चिप दुसरीच्या तिप्पट वीज घेऊन चालत असू शकते.

विजेचा एवढा आग्रह का, याचे कारण साधे आहे. चिपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपच्या पेटीत धातूचे मोठे ठोकळे, तळहाताएवढे पंखे आणि हवा खेळायला भरपूर जागा असते. लॅपटॉपमध्ये तेच काम दोन-अडीच सेंटिमीटर जाडीत उरकायचे असते. म्हणून लॅपटॉप पहिली काही मिनिटे जोरात पळतो, आतले तापमान चढले की स्वतःहून वेग उतरवतो आणि मग त्या उतरलेल्या वेगानेच चालत राहतो. ईमेल, हिशेब किंवा फोटो बघण्यात हे जाणवतही नाही, कारण ती कामे क्षणाक्षणाची असतात. एडिटिंगमधली जड कामे तासांची असतात. दोन तासांच्या लग्नाची अंतिम फाइल काढणे, अंधारातल्या चित्रणावरचे दाणे कमी करणे, हलणारे चित्र स्थिर करणे या कामांत यंत्र सलग तापत राहते. त्यामुळे दोन मिनिटांच्या चाचणीत आलेले गुण एडिटरच्या कामाचे नाहीत. सिनेबेंच आर२३ ही प्रसिद्ध चाचणी मुळातच किमान दहा मिनिटे चालते, ती यासाठीच. एखाद्या लॅपटॉपचे परीक्षण वाचताना किंवा पाहताना अर्ध्या तासानंतरचा आकडा शोधावा. तो दिलेला नसेल, तर त्या परीक्षणातून आपल्याला हवे ते कळालेच नाही असे समजावे.

महाराष्ट्रात या मुद्द्याला आणखी धार येते. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी सभोवतालचे तापमान १० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावे असे सांगते. इतर उत्पादकांच्या सूचनाही साधारण अशाच असतात. चंद्रपूर, नागपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लग्नसराईही ऐन त्याच दिवसांत असते. वातानुकूलित चाचणीगृहात जो लॅपटॉप कसाबसा तग धरतो, तो पत्र्याच्या छताखालच्या खोलीत धरणार नाही. म्हणून डेस्कटॉपच्या जागी विंडोजचा लॅपटॉप घ्यायचा असेल, तर १६ ते १८ इंचांचा, जाडसर, अडीच-तीन किलो वजनाचा घ्यावा आणि वजनाची तक्रार करू नये. त्या वजनातला बराचसा भाग तांब्याच्या नळ्या, जाळ्या आणि पंखे यांचा असतो आणि आपण पैसे त्यासाठीच मोजत असतो. सडपातळ, दीड किलोच्या यंत्रावर मोठ्या चिपचे नाव दिसले तर आकर्षित होण्याऐवजी वॅट विचारावेत.

आता दुसरा प्रश्न, चित्रण उलगडण्याचा. मोबाइल आणि बहुतेक कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने चित्रण दाबून साठवतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम आणि मग पुढच्या फ्रेममध्ये काय बदलले एवढीच नोंद, अशी ती रचना असते. फाइल त्यामुळे लहान होते, पण टाइमलाइनवर मधल्याच एका क्षणावर उडी मारली की यंत्राला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळे पुन्हा रचावे लागते. हे काम करणारा स्वतंत्र भाग चिपमध्ये असतो आणि त्याला आपल्या कॅमेऱ्याचा नेमका प्रकार समजला, तरच चित्र सुरळीत चालते. सोनी ए७ फोर किंवा कॅननच्या आर५ सारखे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ चित्रण करतात, कारण रंगसंस्करणाला त्यात भरपूर वाव मिळतो. इंटेलच्या प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स हा प्रकार ११ व्या पिढीपासून उलगडते. ॲपलच्या एम मालिकेला तो पहिल्या चिपपासून जमतो. एनव्हिडियाला मात्र तो २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेतच जमला. म्हणजे एएमडीचा प्रोसेसर आणि महागडे आरटीएक्स ४०९० असलेला लॅपटॉप ज्या चित्रणावर अडखळतो, तेच चित्रण इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा बराच स्वस्त लॅपटॉप नीट चालवू शकतो. लाखाचा फरक मोजूनही पदरी अडखळणारे चित्र पडावे, यापरते वाईट काय? म्हणून खरेदीला निघण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचा मेनू उघडून चित्रणाचा प्रकार कागदावर लिहून घ्यावा. सगळे काम मोबाइलच्या साध्या चित्रणावर असेल तर ही चिंता नाही. ते आजचे जवळपास प्रत्येक यंत्र उलगडते.

मेमरीबाबत हिशेब सोपा आहे. ४के कामासाठी प्रीमियर प्रोला ३२ जीबी किंवा अधिक रॅम असावी अशी ॲडोबीचीच शिफारस आहे. ग्राफिक्सची मेमरी वेगळी मोजावी. लॅपटॉपच्या ४०६० आणि ४०७० या दोन्हींत ती ८ जीबीच आहे, तर डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ती १२ जीबी असते. दा विंची रिझॉल्व्हमध्ये ४के चित्रणावर दाणे काढण्याचे जड काम लावले की ही मर्यादा लवकर आड येते. साठवणुकीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. सेकंदाला २०० मेगाबिट दराने चित्रण केले तर तासाला ९० जीबी होतात. तीन कॅमेरे सहा तास चालले, तर एका समारंभाचे दीड टेराबाइटहून जास्त. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये ४के चित्रण तासाला सुमारे ३३० जीबी घेते. एकाच डिस्कवर भागणार नाही हे यावरून उघड आहे. दुसरी एसएसडी बसवायला आत जागा आणि बाहेरची डिस्क लावायला थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ चे पोर्ट, या दोन गोष्टी असाव्याच लागतात. पडदा किमान पूर्ण एसआरजीबी रंग दाखवणारा असावा. गेमिंगच्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये फक्त ४५ टक्के एनटीएससीचा पडदा बसवलेला असतो आणि त्यावर ठरवलेला त्वचेचा रंग ग्राहकाच्या टीव्हीवर वेगळाच दिसतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा, की तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो आणि पुढे त्यातले कार्ड बदलता येते, तर हा उपद्व्याप कशाला? आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. बहुतेक लॅपटॉपमधली ग्राफिक्सची चिप बदलता येत नाही. ज्याचे काम एकाच खोलीत होते, त्याने डेस्कटॉपच ठेवावा. लॅपटॉपचा जादा दर आपण फिरण्याच्या सोयीसाठी देतो. फिरणेच नसेल तर तो दर वाया जातो. अचानक वीज गेली तरी लॅपटॉपमधले काम बुडत नाही, हा एक फायदा घरबसल्याही मिळतो, पण तेवढ्यासाठी यूपीएस स्वस्त पडतो. फिरतानाही बॅटरीवर जड काम होईल अशी आशा धरू नये. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी त्याहून मोठी बनवतच नाहीत. २०० वॅट घेणारे यंत्र ती अर्ध्या तासात संपवेल आणि विंडोजचे बहुतेक ताकदवान लॅपटॉप प्लग काढताच वेग बराच उतरवतात.

दुसरा आक्षेप प्रॉक्सीचा. मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर कापाकापी करावी आणि शेवटी मूळ चित्रण जोडावे, मग भारी यंत्राची गरज काय? प्रॉक्सी वापराव्यातच, साध्या लॅपटॉपवर मोठे काम पार पाडायचा तो उत्तम मार्ग आहे. पण प्रॉक्सी करायला यंत्राला वेळ लागतो, रंग ठरवताना आणि दाणे काढताना मूळ चित्रणच लागते आणि अंतिम फाइल तर त्यातूनच निघते. म्हणजे कापाकापी हलकी झाली तरी सलग तापवणारे काम तसेच शिल्लक राहते. प्रॉक्सीमुळे चिप एक पायरी खालची चालेल, पण तिला थंड ठेवणारी व्यवस्था दुय्यम घेऊन चालणार नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे सरळ मॅकबुक प्रो घेऊन मोकळे व्हावे. थंडपणा, बॅटरीवरचा टिकाऊ वेग आणि प्रोरेससाठी २०२१ च्या एम१ प्रो आणि एम१ मॅक्सपासून आलेली खास सोय, या तिन्ही बाबतींत तो खरोखर पुढे आहे. फायनल कट, रिझॉल्व्ह किंवा प्रीमियरवर काम करणाऱ्याने त्याचा विचार आधी करावा. मात्र त्यातली रॅम आणि साठवण खरेदीच्या दिवशी ठरते ती कायमची, म्हणून पुढच्या चार वर्षांची गरज त्याच दिवशी मोजावी लागते. शिवाय आपल्याकडे लग्नाचे एडिटिंग करणारे कितीतरी जण एडियस वापरतात आणि एडियस फक्त विंडोजवर चालते. वर्षानुवर्षे जमवलेले टेम्प्लेट आणि हाताला बसलेली सवय टाकून नुसत्या यंत्रासाठी प्रणाली बदलणे बहुतेकांना परवडणारे नाही.

तेव्हा लॅपटॉप घ्यायला जाताना आपल्याच कॅमेऱ्याचे, आपल्याच नेहमीच्या प्रकारातले अर्ध्या तासाचे चित्रण एका डिस्कवर घेऊन जा. ते दुकानातल्या यंत्रावर टाइमलाइनवर पुढे-मागे करून बघा, त्याची फाइल काढायला लावा आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांचा वेग शेवटच्या दहा मिनिटांच्या वेगाशी ताडून पाहा. ग्राफिक्स किती वॅटवर चालते, रॅम वाढवता येते का आणि दुसऱ्या एसएसडीची जागा आहे का, हे बिल होण्याआधी लेखी मागा. लाख-दोन लाखांची वस्तू घेणाऱ्याला एवढे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. जो विक्रेता या प्रश्नांची उत्तरे देत नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.