आजारातून उठल्यावर मॅरेथॉन : घाई नको, निगा हवी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि पाचट यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. पिपरी मेघे व आसपासच्या गावांतील सभासदांची मुले-मुली अलीकडे पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. कोणी पोलीस भरतीसाठी धावतो, तर कोणी मॅरेथॉनचा ध्यास घेतलेला असतो. पावसाळ्यात डेंग्यू, टायफाईड, कावीळ घरोघर माणसे पाडतात, आणि थंडी पडते न पडते तोच शर्यतींचा हंगाम सुरू होतो. मग बांधावर आम्हाला हमखास विचारतात, "साहेब, पोराचा ताप जाऊन पंधरा दिवस झाले. नाव नोंदवलंय. धावू द्यावं का?"

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु प्रश्न जिवाशी निगडित असल्याने वैद्यकशास्त्रातील ज्या गोष्टी पक्क्या आहेत, त्या आपल्या भाषेत सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

मॅरेथॉन म्हणजे किती?

मॅरेथॉनचे अंतर 42 किलोमीटर 195 मीटर आहे. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम एवढे अंतर धावले गेले व पुढे तेच कायम झाले. वर्धा ते सेवाग्राम सुमारे 8 किलोमीटर धरा. तेवढा पल्ला न थांबता पाच वेळा कापायचा आणि वर आणखी दोन किलोमीटर जायचे. भरतीतील 1600 मीटरची दौड आणि ही शर्यत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ताप गेला म्हणजे ताकद आली असे नव्हे

1966 साली अमेरिकेत डॅलस येथे डॉक्टरांनी विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. आजार काहीच नव्हता. तरीसुद्धा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चौथाईहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वयाने जेवढी घट झाली, त्याहून त्या तीन आठवड्यांच्या झोपेने झालेली घट मोठी होती. निरोगी माणसाची ही गत, तर तापाने पिळलेल्या शरीराची काय असेल!

याच प्रयोगाची दुसरी बाजू मात्र धीर देणारी आहे. त्या तरुणांना अंथरुणातून उठल्यावर सुमारे आठ आठवडे नेमाने व्यायाम दिला, तेव्हा गेलेली शक्ती परत आली, इतकेच नव्हे तर पूर्वीपेक्षा वाढली.

दुसरा धोका हृदयाचा. विषाणूच्या तापात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. कोविडच्या साथीत ही गोष्ट पुष्कळांच्या कानावर आली. सूज असताना जोराने धावल्यास ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. म्हणून अशा रुग्णास डॉक्टर साधारण 3 ते 6 महिने शर्यतीस मनाई करतात. अंगात ताप असताना धावू नये, ही म्हातारी-कोतारी माणसे सांगत आली ती गोष्ट शास्त्रालाही मान्य आहे.

सुधा सिंग यांचे उदाहरण

रायबरेलीच्या धावपटू सुधा सिंग 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उतरल्या होत्या. याच शर्यतीच्या अंतिम फेरीत आपल्या सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर पोहोचल्या होत्या. ऑगस्टमध्ये मायदेशी परतताच सुधा सिंग आजारी पडल्या, रुग्णालयात दाखल झाल्या आणि तपासणीत स्वाइन फ्लू निघाला. मॅरेथॉन त्यांना नवी नव्हती. 2015 साली बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्या मॅरेथॉन धावल्या होत्या.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. जुलै 2017 मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी आपल्या नेहमीच्या 3000 मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर जानेवारी 2018 मध्ये त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. 2019 मध्ये त्यांनी तेथेच 2 तास 34 मिनिटे 56 सेकंद अशी वेळ देऊन पुन्हा पहिला क्रमांक घेतला.

आजारपण ते मुंबईचे 2018 चे यश यांत सुमारे 17 महिने गेले. आपल्या हिशेबाने हा आडसाली उसाचा काळ झाला. देशातील अव्वल खेळाडूलाही एवढा अवधी गेला, मग आपल्या पोट्ट्यांनी पंधरा दिवसांत उड्या मारू नयेत.

खोडव्याचा धडा

ऊस तुटून गेला म्हणजे बुडखा मेला असे आपण समजत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट न जाळता सरीत दाबतो, नांग्या भरतो, वेळेवर खत-पाणी देतो. निगा राखली तर खोडवा लागणीच्या बरोबरीने उतरतो. पण फुटवे वाढावेत म्हणून एकदम युरियाचा मारा केला, तर ऊस पालेदार होतो आणि वाऱ्यात लोळतो. आजारातून उठलेल्या शरीराचेही तसेच आहे.

आजारानुसार घ्यावयाची काळजी

1. डेंग्यू : ताप उतरल्यावरही थकवा काही आठवडे राहतो. रक्तातील प्लेटलेट पूर्ववत झाल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. अंगदुखीसाठी मनाने गोळ्या घेऊ नयेत.

2. टायफाईड : यावर दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीच्या औषधांनी काही जणांच्या टाचेमागची जाड शीर दुखावते, क्वचित तुटतेही. औषध घेताना व नंतर काही काळ टाचेमागे दुखल्यास धावणे बंद ठेवावे.

3. क्षयरोग : औषधाचा पूर्ण कोर्स, बहुधा 6 महिन्यांचा, आधी पुरा करावा. शर्यतीसाठी एकही डोस चुकवू नये.

4. पंडुरोग : हिमोग्लोबिन पुरुषांत 13 व स्त्रियांत 12 ग्रॅमच्या खाली असल्यास आधी ते भरून काढावे. रक्त कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पोहोचत नाही.

5. सिकलसेल : आपल्या विदर्भात हा आजार बराच आहे. नुसता वाहक असलेला माणूस एरवी धडधाकट असतो. परंतु कडक उन्हात, पाणी कमी पडून, ताकदीबाहेर धावल्यास त्याचे स्नायू विघटन पावून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. वाहकाने धावूच नये असे नाही, पण आपण वाहक आहोत हे त्याला माहीत हवे. प्रत्यक्ष रुग्णाने तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय शर्यतीचे नावही घेऊ नये. म्हणून धावणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने ही रक्ततपासणी एकदा करून घ्यावीच.

सराव कसा वाढवावा

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर प्रथम दोन-तीन आठवडे नुसते चालावे, रोज अर्धा तास. थकवा दुसऱ्या दिवशी उरत नसेल तर चालण्यात मधेमधे थोडे धावणे मिसळावे. पुढे आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करावे. आधी 5, मग 10, मग 21 किलोमीटर अशा पायऱ्या चढाव्यात. 42 चा विचार त्यानंतर.

सकाळी उठताच अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहावी. नेहमीपेक्षा दहा-बारा ठोके जास्त भरल्यास त्या दिवशी विश्रांती घ्यावी. आपल्याकडचा उन्हाळा पाहता मार्च ते जूनमध्ये सूर्य वर येण्याआधी सराव आटोपावा.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. नुसते पाणी बळेच ढोसल्यानेही रक्तातील मीठ पातळ होऊन धोका संभवतो. घाम फार गेल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा छोटा चमचा मीठ घालून घ्यावे. साखर आपल्याच कारखान्याची आहे, ती घरात असतेच.

येथे थांबावेच

छातीत दुखणे, धडधड, घेरी, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणे, अथवा चहासारखी काळपट लघवी, यांपैकी काहीही दिसल्यास शर्यत तेथेच सोडावी व दवाखाना गाठावा. बरोबरचे लोक काय म्हणतील याचा विचार करू नये. आजारानंतर पहिल्या शर्यतीपूर्वी हृदयाचा आलेख काढून घेणे हिताचे आहे.

शर्यतीची प्रवेश फी बुडेल म्हणून काही जण अशक्त अंगाने उतरतात. फी शे-दोनशेची असो वा हजाराची, तिच्यापायी घरातला कर्ता पोरगा धोक्यात घालणे हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही. तरी ज्या सभासदांच्या घरी आजारातून उठलेले धावपटू आहेत, त्यांनी वरील मुद्दे मुलांना वाचून दाखवावेत आणि नाव नोंदविण्यापूर्वी डॉक्टरांची गाठ घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी