झोपेतील जागेपणाची किंमत

आपण स्वप्न पाहत आहोत, हे स्वप्न चालू असतानाच उमगावे, असा अनुभव अनेकांना आयुष्यात एखाद्या वेळी तरी येतो. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली अशा स्वप्नांचे सविस्तर विवेचन केले. मराठीत त्यांना सभान स्वप्ने म्हणता येईल. शास्त्रज्ञांनी मात्र या अनुभवाकडे दीर्घकाळ संशयानेच पाहिले. झोपलेल्याला भान कसले आणि भान असलेला झोपलेला कसा, हा आक्षेप तर्काला सोडून नव्हता. शिवाय पुरावा काय, तर सकाळी उठलेल्या माणसाची साक्ष!

ही कोंडी फुटली ती शरीराच्या एका विचित्र सवलतीमुळे. ठळक स्वप्ने ज्या निद्रावस्थेत पडतात, तिचे वर्णन अ‍ॅसरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ साली शिकागो येथे केले. या अवस्थेत हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात; डोळे मात्र मिटल्या पापण्यांआड हलत राहतात. मग स्वप्नात भान येताच डोळ्यांनीच ठरलेली खूण का करू नये? इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५ मध्ये अ‍ॅलन वर्स्ली या गृहस्थांकडून नजर डावीउजवीकडे फिरवण्याची अशी खूण यंत्राच्या कागदावर मिळवली. मेंदूचा आलेख झोपेची ग्वाही देत होता आणि डोळे निरोप धाडत होते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. त्यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला.

वर्स्लींसारखी माणसे विरळा. तेव्हा इतरांना हे भान कसे आणून द्यावे, हा पुढचा प्रश्न. दिवसा वारंवार थांबून ‘हे स्वप्न तर नव्हे?’ असे स्वतःला विचारण्याची सवय लावणे, हा एक उपाय. लाबर्ज यांची रीत निराळी: पहाटे स्वप्नातून जाग आली, की ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प घोळवीत पुन्हा झोपी जायचे. उत्तररात्री स्वप्नावस्था लांबत जातात. म्हणून पाचएक तासांनी मुद्दाम गजर लावून उठण्याची जोडही तिला दिली जाते. डेन्होम अ‍ॅस्पी यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे तिन्ही उपाय एकत्र वापरणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे १७ टक्के यश आले. औषधाचाही प्रयोग झाला. स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे गॅलँटामीन रात्री उठवून १२१ जणांना देण्यात आले. २०१८ च्या त्या अहवालानुसार औषधाचा अंश नसलेल्या गोळीने १४ टक्के, तर ८ मिलिग्रॅमच्या मात्रेने ४२ टक्के लोकांना सभान स्वप्न पडले.

या खटाटोपाचे फळ क्षुल्लक नाही. २०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्समधील प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना सोपी गणिते घातली. आठातून सहा गेले किती, याचे उत्तर एकाने नजर दोनदा फिरवून दिले. एकाला तर प्रश्न स्वप्नातल्या मोटारीच्या रेडिओवरून ऐकू आला! जे आजवर जागे झाल्यावर पुसट आठवणीतूनच कळे, ते घडत असतानाच विचारण्याची सोय यामुळे झाली. भयस्वप्नांनी पछाडलेल्यांवरही हा उपचार करून पाहिला जातो, आणि तेथे एखाद्या रात्रीची मोडतोड परवडण्याजोगी आहे.

परंतु प्रयोगशाळेतील रीत बाजारात उतरली, की हिशेब बदलतो. डोळ्यांवर प्रकाश टाकणारे पट्टे व नाना गोळ्या आता हौसेखातर विकल्या जातात. ज्यांना स्वप्न साधले, त्यांना दुसऱ्या दिवशी झोप अपुरी झाल्यासारखे वाटले नाही, असे अ‍ॅस्पी यांना आढळले, हे खरे. तथापि १७ टक्के यशाचा अर्थ शंभरातील त्र्याऐंशी प्रयत्न वाया, असाही होतो. गजर मात्र शंभरही वेळा वाजलेला असतो. प्रयोगाला येणारा स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपू शकत असेल. सहाला उठून कामाची वाट धरणाऱ्याला ते तास परत मिळत नाहीत, आणि पट्ट्याच्या किमतीत ते कोणी धरलेलेही नसतात.