पप्पांसाठी ‘ते’ तेल मागवू का?

‘अगं, हे तेल खरंच चालतं का? पप्पांसाठी मागवू?’

रात्री साडेअकराला मित्राचा मेसेज आला. सोबत एक रील. गांजाच्या पानाचं चित्र असलेली छोटी बाटली, जिभेखाली दोन थेंब आणि दावा असा, की जुना ट्रॉमा, भयानक स्वप्नं, झोप न लागणं, सगळं गायब! मास कम्युनिकेशन शिकणारी मैत्रीण म्हणजे चालतंफिरतं गुगल, असा त्याचा समज आहे. या वेळी मात्र मलाही उत्तर माहीत नव्हतं.

आम्ही दोघं मोरव्याचे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक आपल्या मीरा रोड-भाईंदरजवळचा. १८० हून अधिक माणसं गेली, ८०० हून अधिक जखमी झाली. त्याचे पप्पा, म्हणजे आमचे शेजारचे काका, त्याच गाडीत मागच्या डब्यात होते. अंगावर ओरखडाही नाही. ‘वाचले बाबा,’ म्हणून सगळ्यांनी विषय संपवला.

काकांसाठी तो संपला नाही. कितीही गर्दी असो, ते फर्स्ट क्लासच्या डब्याच्या आसपास उभे राहत नाहीत. दिवाळीत फटाके सुरू झाले की टीव्हीचा आवाज वाढवून आत बसतात. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या खटल्यातल्या बाराही आरोपींची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा चॅनेलवर तीच जुनी दृश्यं दिवसभर फिरत होती. त्यानंतर काकांची झोप पुन्हा उडाली. घरच्यांच्या भाषेत याला ‘स्वभाव’ म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत यासाठी एक शब्द असू शकतो : पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजेच पीटीएसडी.

आनंद नावाचा रेणू

आता तेलाकडे वळू. गांजाच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड असतात. त्यातली दोन प्रसिद्ध. टीएचसी, ज्याने नशा चढते आणि सीबीडी, ज्याने चढत नाही. गंमत म्हणजे असाच एक पदार्थ आपला मेंदू स्वतःच बनवतो. जेरुसलेममध्ये राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये तो सापडला आणि त्याला नाव दिलं गेलं ‘आनंदामाइड’. हो, आपल्या संस्कृतमधल्या ‘आनंद’वरून!

या रेणूचा भीतीशी काय संबंध? २००२ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी आवाज आणि लगेच विजेचा झटका. मग नुसता आवाज, पुन्हा पुन्हा, झटका नाही. साधे उंदीर हळूहळू घाबरायचे थांबले. ज्या उंदरांच्या मेंदूत आनंदामाइडला प्रतिसाद देणारा ‘सीबी१’ रिसेप्टर नव्हता, ते मात्र आवाज आला की थिजूनच राहिले. धोका टळलाय, हे त्यांच्या मेंदूला पटतच नव्हतं. हे वाचताना मला फटाक्यांच्या वेळचे काका आठवले. शास्त्रज्ञांची आशाही इथूनच सुरू होते.

मग अडतं कुठे?

अडतं माणसांपाशी. २०१५ मध्ये कॅनडात दहा सैनिकांना ‘नॅबिलोन’ हे टीएचसीसारखं कृत्रिम औषध दिलं, तेव्हा त्यांची भयानक स्वप्नं कमी झाली. पण माणसं दहाच! २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ८० माजी सैनिकांवरच्या चाचणीचा निकाल आला. काहींना जास्त टीएचसीचा गांजा, काहींना जास्त सीबीडीचा, काहींना दोन्ही असलेला, तर काहींना औषधी अंश काढून टाकलेला. तीन आठवड्यांनी सगळ्याच गटांना बरं वाटत होतं, अगदी शेवटच्या गटालाही! खरा गांजा खोट्यापेक्षा सरस ठरलाच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण आणि माजी सैनिक विभागांनी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, की पीटीएसडीसाठी गांजा किंवा त्यापासून बनलेली औषधं वापरू नका.

त्यात टीएचसीचा डोस जास्त झाला तर भीती उलट वाढू शकते. रोजची सवय लागल्यावर ते सोडलं, की झोप उडते आणि विचित्र स्वप्नं पडतात. म्हणजे ज्यासाठी घेतलं, तेच परत!

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. ते बाळगणं गुन्हा आहे, अगदी थोडं असलं तरी. शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं या व्याख्येत बसत नाहीत. म्हणूनच आयुर्वेदातल्या ‘विजया’ची पानांपासून बनवलेली औषधं परवाना घेऊन तयार होतात आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची असतात. पण परवाना आहे म्हणजे पीटीएसडीवर गुण येतो हे सिद्ध झालं, असं नाही. आणि इन्स्टावरच्या बाटलीत नक्की काय आहे, हे तर कुणीच सांगू शकत नाही.

मग करायचं काय?

पीटीएसडीवर भरपूर पुरावे असलेले उपचार आहेत. ट्रॉमावर काम करणारी थेरपी आणि गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखी औषधं, अर्थात मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने. एका थेरपीत ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ, सुरक्षितपणे, थोडं थोडं जायला शिकवतात. आधी आठवण बोलून दाखवायची, मग प्लॅटफॉर्म, मग गाडी. उंदरांच्या प्रयोगासारखंच हे! आवाज पुन्हा पुन्हा, पण झटका नाही. भीती विझवायचं जे काम आपण बाटलीकडे मागतोय, तेच ही थेरपी मेंदूकडून करून घेते. त्रास खूप जुना असला तरी तिचा उपयोग होऊ शकतो.

मी मित्राला हे सगळं लिहून पाठवलं आणि शेवटी विचारलं, ‘काकांना कधी डॉक्टरकडे नेलं होतं का?’ बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग एकच शब्द आला, ‘नाही.’

इतक्या वर्षांत एकदाही नाही. तेल ही पहिली पायरी नव्हतीच. पहिलीच पायरी आपण सगळ्यांनी गाळली होती.

त्याने तेल मागवलं नाही. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन केला. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. मग काकांना घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. ‘एवढ्या वर्षांनी काय होणार?’ असं काका वाटेत तीनदा म्हणाले. डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, ‘झोप लागते का?’

काका अर्धा तास बोलत होते.